घराची किंमत आणि घराचें मोल

होळी पेटली, थंडीनें पाय काढला, आणि चैत्राच्या पहिल्या घामाबरोबर आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एक वार्षिक चर्चा सुरू होते. भिंतींस कोणता रंग द्यावा, गच्चीवर कोणत्या जातीची हिरवळ अंथरावी, दिवाणखान्यांतील जुनी फरशी उखडून तकतकीत टाइल बसवावी किंवा कसें, खिडकी बंद करून आणखी एक वातानुकूल यंत्र टांगावें कीं काय, या प्रश्नांचा ऊहापोह जेवतांना होतो, आगगाडींत होतो, आणि वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत तर त्याला ऊतच येतो. या सर्व उपदेशाचें पालुपद एकच असतें: एवढें करा, म्हणजे घराची किंमत वाढेल. आमचा वाद या पालुपदाशींच आहे. किंमत म्हणजे घर विकतांना परका मनुष्य आपल्याला देतो ती. मोल म्हणजे वैशाखाच्या दुपारीं, आषाढाच्या झडींत आणि नळ कोरडा पडल्या दिवशीं घर आपल्याला देतें तें. पहिली दलालाच्या वहींत लिहिलेली असते. दुसरें पाठीला आणि घशाला कळतें. आमच्या शहरानें पहिलीच्या पायीं दुसरें घालविण्याचा सपाटा चालविला आहे. आणि ज्या वस्तींत तें अद्याप थोडेंबहुत शिल्लक आहे, त्या वस्तीलाच आम्ही ‘सुधारावयास’ निघालों आहों. ती वस्ती म्हणजे वरळीचा कोळीवाडा.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं हा कोळीवाडा वांद्र्याच्या सागरी सेतूवरून जातांना मोटारीच्या कांचेआडूनच पाहिला असेल. भूशिराच्या टोंकाला इंग्रजांनीं १६७५ च्या सुमारास बांधलेला लहानसा किल्ला, टेकाडावर गोल्फादेवीचें देऊळ, पाण्यावर डुलणाऱ्या होड्या, आणि त्यांच्या मागें एकमेकांस खेटून उभीं असलेलीं घरें. २००९ सालीं सेतू झाला; २०२४ च्या मार्चांत किनारी रस्त्याचा पहिला टप्पा वाहनांस खुला झाला; पाठीमागें कांचेचे मनोरे चढतच आहेत. मोटार ज्या वेगानें जाते त्याच वेगानें आपलें मतही बनतें: दाटी, पत्रे, मासळीचा वास, तेव्हां येथें सुधारणा पाहिजे, हें ओघानेंच आलें.

‘सुधारणा’ हा शब्द मुंबईस नवा नाहीं. १८९६ सालीं प्लेग आला आणि १८९८ सालीं ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नांवाची संस्था निघाली. तिनें रस्ते रुंद केले, हवा खेळती केली, हें उपकार आम्ही नाकारीत नाहीं. तथापि वस्ती पाडणें म्हणजे वस्ती सुधारणें, हा समज त्या काळापासून आमच्या कारभाऱ्यांच्या डोक्यांत जो घट्ट बसला तो अद्याप निघालेला नाहीं. त्याच पिढींत पॅट्रिक गेडिस नांवाचे एक स्कॉटिश पंडित १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले व पुढें १९१९ पासून मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्राचे अध्यापक झाले. त्यांनीं गांवोगांवच्या नगररचनेवर जे अहवाल लिहिले त्यांचें सार असें कीं, आधीं वस्तींतून पायीं फिरा. कुजलेलें तेवढेंच काढा. झाड, चौक आणि तळें यांस हात लावण्यापूर्वीं दहादां विचार करा. हा सल्ला ज्या शहरांतील विश्वविद्यालयांत बसून त्यांनीं शिकविला, त्या शहरांत आज धोबी तलाव आहे पण तलाव नाहीं, गोवालिया टँक आहे पण टँक नाहीं, आणि सी. पी. टँकवर ट्रॅमही नाहीं नि पाणीही नाहीं. नांवें राहिलीं, पाणी बुजविलें गेलें.

गेडिसांचा सल्ला मानून आम्हीं गेल्या वैशाखांत कोळीवाड्यांत एक दुपार पायीं घालविली. एका परिचित कुटुंबाचें जुनें घर तेथें आहे. जाड भिंती, वर मंगळुरी कौलें, कौलांखालीं लांकडी माळा, आणि पुढें बसावयास ओटा. दार व मागची खिडकी समोरासमोर असल्यामुळें दुपारीं समुद्रावरून निघालेला वारा घरांतून आरपार जातो. वीज गेलेली होती. तरी त्या घरांत बसवत होतें. तेथून दहा पावलांवर, त्याच कुळांतील धाकट्या पातीनें पत्र्याचा मजला चढविला आहे. त्या मजल्यावर आम्ही पांच मिनिटेंही टिकलों नाहीं. पत्रा तापलेला, खिडकी यंत्रासाठीं बुजविलेली, आणि वीज गेल्यामुळें यंत्र मुकें. दोन्ही घरांवर ऊन एकच होतें, वाराही एकच होता. अंतर होतें तें बांधणाऱ्याच्या अकलेंत नव्हे, तर जागेच्या टंचाईंत आणि ‘आधुनिक’ या शब्दाच्या मोहांत.

त्या घरांतील आजीबाईंनीं आम्हांस आपली तक्रार सांगितली, ती विचार करण्यासारखी आहे. नातवाचें लग्न ठरावयाचें होतें, म्हणून मुलानें ओटा तकतकीत टाइलांनीं मढविला. पूर्वीं त्या ओट्यावर सकाळसंध्याकाळ चार बायका बसत, मासळी निवडीत, जाळीं ठीक होत. आतां दुपारीं तो तापतो आणि पावसांत निसरडा होतो. पहिल्याच पावसाळ्यांत आजीबाई तेथें घसरल्या, आणि तेव्हांपासून त्या आंतच बसतात. मुलाला विचारलें तर तो म्हणाला, “साहेब, पाहुणे आले तर ओटा बघतात, टांकी कोण बघतो?” त्याचें उत्तर ऐकून आम्ही खजील झालों, कारण हें शहाणपण त्यानें समुद्राकडून घेतलेलें नव्हतें, आमच्याकडून घेतलें होतें. पाहुण्याच्या डोळ्यांनीं आपलें घर पाहण्याची संवय ही शहरी मध्यमवर्गानें या वस्तीला दिलेली देणगी आहे.

वस्तुतः उन्हाळ्यांत घर सुधारण्याची पद्धत आमच्या किनाऱ्यावर फार जुनी आहे. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तिच्या आधींचे वैशाख-ज्येष्ठाचे दिवस हे कोळ्यांच्या घरीं बेगमीचे. होड्या वर ओढावयाच्या, जाळीं विणावयाचीं, मासळी सुकवून ठेवावयाची, आणि घराची शाकारणी करावयाची. कौलें काढून झाडावीं, फुटकीं बदलावीं, पन्हळ साफ करावा, पश्चिमेच्या भिंतीवर नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधावेत, आंतून शिंपल्यांच्या चुन्याची सफेदी द्यावी. या कामांत शोभा होती, पण शोभेसाठीं काम नव्हतें. प्रत्येक क्रियेमागें ऊन किंवा पाऊस यांपैकीं एकाला दिलेलें उत्तर होतें. आमच्या रविवारच्या पुरवण्यांतील एका तरी सूचनेविषयीं असें म्हणतां येईल काय?

आतां पाण्याकडे वळूं. कारण सध्यांच्या गृहशोभेचें खरें पाप तेथें आहे. मुंबई पितें तें पाणी मुंबईचें नाहीं. १८६० सालीं विहार तलाव पुरा झाला, १८७९ सालीं तुळशी आणि १८९२ सालीं तानसा. पुढें वैतरणेवर धरणें झालीं, त्यांपैकीं एकाला नगराचे अभियंते मोडक यांचें नांव मिळालें. आणि आज शहराच्या पाण्यापैकीं जवळजवळ निम्मा वांटा एकटी भातसा उचलते. दिवसाकाठीं सुमारें ३,८०० दशलक्ष लिटर पाणी शंभर किलोमीटरांच्या आसपासचें अंतर तोडून आपल्या नळांत येतें. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, त्याच तालुक्यांतील पाड्यांवर दर उन्हाळ्यांत टँकर जातात आणि बाया हंडे घेऊन ओहोळांतील झरे खणीत बसतात. ज्या डोंगरानें पाणी दिलें त्याच्या कुशींतील लेंकरें तहानलेलीं, आणि शंभर किलोमीटरांवरील गवताला सकाळसंध्याकाळ तुषारस्नान, हा न्याय कोणत्या स्मृतींत बसतो तें आम्हांस ठाऊक नाहीं.

हें अलंकारिक लिहिणें नव्हे. हिशेब करून पाहावा. मुंबईच्या उन्हाळ्यांत हिरवळीच्या एका चौरस मीटराला टवटवीत ठेवावयाचें तर दिवसाला सुमारें पांच लिटर पाणी लागतें. शंभर चौरस मीटरांची हिरवळ, म्हणजे एखाद्या मध्यम इमारतीपुढील तुकडा, रोज पांचशें लिटर पितो. महापालिकेनें झोपडपट्टींतील माणसासाठीं धरलेलें प्रमाण दिवसाला दरडोई ४५ लिटर आहे. इमारतींतील माणसासाठीं तें १३५ लिटर आहे. म्हणजे त्या शंभर मीटर गवताला अकरा माणसांचें पाणी लागतें. आणि त्या गवतावर कोणीही बसत नाहीं, कारण ‘हिरवळीवर चालूं नये’ अशी पाटी तेथें असते. २०२४ सालीं तलाव आटले, तेव्हां ३० मेपासून पांच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात झाली. आमच्या परिचयाच्या एका सोसायटींत त्याच आठवड्यांत नव्या हिरवळीसाठीं टँकर मागविण्याचा ठराव बहुमतानें संमत झाला. त्याच सोसायटीच्या आवारांत पूर्वीं एक विहीर होती. मोटारी उभ्या करण्यासाठीं ती बुजविण्याचा ठरावही बहुमतानेंच झाला होता. ठरावाच्या बाजूनें हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतों, हें येथें लपवून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल.

मग करावें काय? नुसता दोष दाखवून थांबणें आमच्या मासिकास शोभणार नाहीं. खरी सुधारणा चार ठिकाणीं होते: छपरावर, छपराच्या खालीं, जमिनींत आणि झाडांत.

पहिलें छप्पर. घरांत शिरणाऱ्या उष्णतेपैकीं मोठा भाग वरून येतो, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यास हें सांगावयास नको. काळवंडलेली गच्ची ऊन पिते. पांढरी गच्ची तें परत फेंकते. गच्चीला चुन्याचे दोन हात, आणि जेथें पत्र्यावर चुना टिकत नाहीं तेथें पांढरा परावर्तक रंग, एवढ्यानें आंतील हवा स्पष्ट जाणवण्याइतकी उतरते. अहमदाबादेनें २०१३ सालीं उष्णतेशीं तोंड देण्याची योजना आखली आणि पुढें तिच्यांत गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम घातलें. मुंबईला ऊन कमी, असें समजूं नये. येथें दमटपणामुळें घाम वाळत नाहीं आणि अंग निवत नाहीं. म्हणूनच वेधशाळा किनाऱ्यावर ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर मैदानी प्रदेशांत ४० पासून. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघरला उघड्या मैदानांत भर उन्हांत झालेल्या समारंभानंतर चौदा माणसें उष्माघातानें दगावलीं. छाया ही शोभेची वस्तु नाहीं.

दुसरें, छपराखालचें टाकें. मुंबईंत पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कोळीवाड्यांतील एखाद्या घराचें छप्पर पंचवीस चौरस मीटर धरलें, तर त्यावर पन्नास हजार लिटर पाणी उतरतें. पांचवा हिस्सा वायां गेला म्हणून सोडला तरी चाळीस हजार लिटर उरतें. तें सर्व साठवावयास जागा नाहीं, हें कबूल. परंतु ओट्याच्या पोटांत पांच हजार लिटरांची टांकी बसूं शकते. पांच माणसांच्या कुटुंबाला दरडोई ४५ लिटरांप्रमाणें दिवसाला २२५ लिटर लागतात. म्हणजे भरलेली टांकी बावीस दिवस पुरते. आणि चार महिने तर ती पुनःपुन्हां भरत राहते. तेवढे दिवस भांडीं, कपडे आणि मोरी यांसाठीं नळाची वाट पाहावी लागत नाहीं. पहाटेच्या अंधारांत पिंप भरण्यासाठीं उठणाऱ्या बाईला ही सुधारणा कशी वाटेल, तें तिलाच विचारावें. आजीबाईंना आम्हीं विचारलें होतें. त्या म्हणाल्या कीं, टाइल नको होती. पागोळी धरून ठेवणारें कांहींतरी हवें होतें.

यांत नवें कांहींच नाहीं. याच साष्टीच्या बेटावर कान्हेरीच्या भिक्षूंनीं लेण्याशेजारीं लेण्यागणिक टाकीं खोदलीं, खडकांत पन्हळ कोरून पावसाचें पाणी त्यांत वळविलें. आणि तेथील शिलालेखांत दात्यांनीं ‘पोढी’ म्हणजे टाकें दान दिल्याची नोंद अभिमानानें केली आहे. त्या काळीं टाक्याचें दान पुण्याचें मानीत. आज कारंज्याचें उद्‌घाटन मानाचें मानतात. शिवछत्रपतींच्या सिंधुदुर्गांत चोहोंकडे खारें पाणी असतां दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी गोड्या राहिल्या. दूरचें उदाहरण हवें असेल तर अटलांटिक महासागरांतील बर्म्युडा बेटाचें घ्यावें. तेथें नदी नाहीं, आणि पाऊसही आपल्यापेक्षां कमी. तेथील प्रत्येक घराचें छप्पर पायऱ्यापायऱ्यांचें व पांढरें असतें. तें ऊनही परतवितें आणि पाणीही खालच्या टाक्यांत उतरवितें. घराखालीं टाकें असलेंच पाहिजे, असा तेथें कायदा आहे. त्या पांढऱ्या छपरांची चित्रें प्रवासी लोक कौतुकानें काढतात. म्हणजे उपयोगांतून शोभा येते, हेंही त्या बेटानें सिद्ध केलें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. साठविलेलें पाणी म्हणजे डांस, आणि डांस म्हणजे हिंवताप व डेंग्यू. मुंबईनें ही धास्ती पूर्वीं घेतली आहे. डॉ. बेंटली यांनीं शहरांतील हिंवतापाचा तपास करून १९११ सालीं अहवाल दिला, आणि विहिरींतून डांस पैदा होतात असें दिसल्यावर विहिरी झांकण्याची व बुजविण्याची मोहीम निघाली. पारशी समाजानें धर्मासाठीं आपल्या विहिरी राखण्याचा आग्रह धरला. १७२५ सालची भिका बेहराम विहीर चर्चगेटपाशीं आजही गोडें पाणी देत उभी आहे. यांतून निघणारा बोध असा कीं, डांसाचें औषध झांकण आहे, भराव नव्हे. टांकीला घट्ट झांकण, हवेच्या तोंडाला बारीक जाळी, पहिल्या एकदोन सरींचें मळकें पाणी बाहेर सोडण्याची तोटी, आणि वर्षांतून एकदां उन्हाळ्यांत घासणें, एवढें केलें कीं आक्षेप संपतो. उलट आज गल्लीगल्लींतून जीं उघडीं पिंपें भरून ठेवावीं लागतात, तींच डेंग्यूच्या डांसाचीं खरीं माहेरघरें आहेत. आणि तीं ठेवावीं लागतात तीं पाणी थोडा वेळ येतें म्हणून.

तिसरी जमीन. आमच्या सुशोभीकरणाचा पहिला घाव जमिनीवर पडतो. २०२२ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सुशोभीकरणाचा मोठा प्रकल्प हातीं घेतला गेला. भिंती रंगल्या, खांबांवर दिवे चढले, पदपथांस नवें रूप आलें. रंगास आमचा विरोध नाहीं. परंतु जमीन काँक्रीटनें आणि ठोकळ्यांनीं शिवून टाकली म्हणजे पावसाचें पाणी खालीं मुरत नाहीं, तें गल्लींतून घरांत शिरतें, आणि आठवड्यांत तीच गल्ली पुन्हां टँकरची वाट पाहूं लागते. समुद्रकांठीं तर याचा दुहेरी तोटा आहे. जमिनींत मुरलेलें गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्याच्यावर तरंगून राहतें व त्याला मागें रेटतें. तें मुरलें नाहीं तर खारें पाणी आंत सरकतें आणि विहिरी नासतात. यास्तव अंगणाचा, गल्लीच्या कडेचा, देवळाच्या पटांगणाचा जो तुकडा अद्याप मातीचा आहे, तो मातीचाच ठेवणें ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय. तिच्यासाठीं निविदा काढावी लागत नाहीं. कदाचित् म्हणूनच ती होत नसावी.

चवथें, झाडें. आमच्या बागवानांस परदेशी पाम, विलायती गवत आणि कुंडींतील नाजूक फुलें यांची मोहिनी पडली आहे. वरळीचा वारा खारट आहे. तो या पाहुण्यांस करपवितो, आणि मग पाण्याचे हंडेच्या हंडे ओतून त्यांस जगवावें लागतें. याच किनाऱ्यावर निसर्गानें हजारों वर्षांची परीक्षा घेऊन निवडलेलीं झाडें उभीं आहेत. उंडीची दाट सावली आणि पूर्वीं होड्यांस उपयोगी पडणारें तिचें तेल, पिवळ्या फुलांची भेंडी, करंज, नारळ आणि ताड, वाळूवर अंग टाकून तिला धरून ठेवणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल, केवड्याचें बन. घरापुढें वीतभर जागा असेल तर तुळस, अडुळसा, कोरफड. यांतील बहुतेकांस पहिलीं दोनतीन वर्षें पाणी द्यावें लागतें; पुढें तीं पावसावर राहतात. मर्यादवेलीचें तर नांवच सांगतें कीं समुद्राची मर्यादा ती राखते. अमेरिकेंत नेव्हाडा हें वाळवंटी संस्थान आहे. तेथें केवळ शोभेसाठीं लाविलेल्या गवताला कोलोरॅडो नदीचें पाणी घालण्यास बंदी करणारा कायदा २०२१ सालीं झाला, आणि गवत काढणाऱ्या घरमालकांस तेथें पैसे देतात. वाळवंटाला जें कळलें तें दोन हजार मिलिमीटर पावसाच्या शहराला कळूं नये, याचें आश्चर्य वाटतें.

आतां विरुद्ध पक्षाचें सर्वांत बळकट म्हणणें घेऊं. ते म्हणतील: “तुम्ही दादर-गिरगांवांतील पंख्याखालीं बसून कोळीवाड्याच्या ओट्याचें काव्य लिहितां. तेथें गल्ल्या अरुंद आहेत, शौचकूपें सामाईक आहेत, आग लागली तर बंब आंत जात नाहीं. २०२० च्या मार्चअखेर कोरोनाची सांथ आली, तेव्हां शहरांत सर्वांत आधीं बंद कराव्या लागलेल्या वस्त्यांत वरळी कोळीवाडा होता. अशा ठिकाणीं जुनें राखा म्हणणें म्हणजे दुसऱ्याच्या दारिद्र्याची आरास मांडणें आहे.” यांतील पूर्वार्ध आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. नळ आणि शौचकूप घरांत पाहिजे. गल्लींतून बंब गेला पाहिजे. पत्र्याचा मजला जाऊन नीट बांधलेला मजला आला पाहिजे. परंतु उत्तरार्ध त्यातून निघत नाहीं. गल्ली अरुंद आहे म्हणून वारा वाहणारें घर पाडून बंद खोल्यांचा मनोरा बांधावा, जाळीं वाळविणाऱ्या माणसाला विसाव्या मजल्यावर चढवावें, आणि मोकळी झालेली समुद्रकांठची जमीन दुसऱ्यानें विकावी, हा तर्क नव्हे, व्यापार आहे. ‘झोपडपट्टी’ हा शब्द एकदां चिकटविला कीं हा व्यापार परोपकारासारखा दिसूं लागतो. म्हणूनच त्या शब्दाविरुद्ध मुंबईचे कोळी इतक्या पोटतिडिकीनें भांडतात. किल्ला बांधणाऱ्या इंग्रजाच्याही आधींपासून जे येथें जाळीं टाकीत आले, त्यांचीं घरें अतिक्रमणांत मोडत नाहींत.

आणि कोळ्यांच्या ज्ञानाला आम्ही वरचेवर कमी लेखतों, त्याचा अनुभव ताजा आहे. किनारी रस्त्याचा पूल सेतूला जोडतांना खांबांमधील अंतर साठ मीटर ठेविलें होतें. एवढ्या फटींतून भरतीच्या व वाऱ्याच्या जोरांत होडी सुखरूप काढतां येणार नाहीं, असें वरळीचे मच्छीमार सांगत होते. तज्ज्ञांचे अहवाल त्यांच्यापुढें ठेवण्यांत आले. शेवटीं २०२२-२३ च्या हिवाळ्यांत तें अंतर एकशेंवीस मीटर करण्याचें सरकारनें मान्य केलें. त्यांची मागणी याहून मोठी होती, आणि भरावामुळें बुडालेल्या धंद्याचा प्रश्न निराळाच आहे. परंतु लाट कोणीकडून येते हें लाटेवर वाढलेल्यास कळतें, एवढें तरी कागदोपत्रीं मान्य झालें. ऊन आणि पाऊस कोणीकडून येतो, याविषयींही त्यांना विचारण्यास हरकत नसावी.

सरकाराकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. २०११ च्या किनारा-नियमन अधिसूचनेंत मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा उल्लेख करून, त्यांच्या सीमा आंखाव्या आणि तेथील रहिवाशांस आपलीं घरें स्थानिक नियमांप्रमाणें बांधतां यावीं, असें म्हटलें होतें. सीमा आंखण्याचें हें काम वर्षानुवर्षें रेंगाळलें. ज्याला आपल्या घराची हद्दच ठाऊक नाहीं, तो घराखालीं टाकें कसा खोदील? ज्याला उद्यां घर राहील कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, तो पंचवीस वर्षांनीं सावली देणारी उंडी कशाला लावील? कायम मोलाची सुधारणा कायम हक्काखेरीज होत नाहीं. अनिश्चित घराला फक्त रंग देतां येतो. हें पहिलें.

दुसरें, २००७ सालीं तीनशें चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पर्जन्यजलसंचय सक्तीचा करण्यांत आला. यंत्रणा प्रत्यक्षांत चालते कीं नाहीं हें पाहणारा विरळा. आणि लहान घरांस तर या नियमांत स्थानच नाहीं. लहान घरांस सक्ति नको, साहाय्य पाहिजे. गल्लीच्या सुशोभीकरणाला जो पैसा मिळतो, त्यांतील कांहीं अंश पन्हळ, टांकी आणि पांढरें छप्पर यांसाठीं घराघराला द्यावा. जेथें घराखालीं जागा नाहीं, तेथें देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या छपराचें पाणी सामाईक टाक्यांत धरावें.

तिसरें, किनारी रस्त्यासाठीं घातलेल्या भरावावर सुमारें ७० हेक्टर मोकळी जागा उद्यानांसाठीं म्हणून सांगण्यांत आली आहे. तिच्यावर हिरवळ पसरली तर वर दिलेल्या हिशेबानें दर हेक्टराला रोज पन्नास हजार लिटर पाणी लागेल. सत्तर हेक्टरांचा गुणाकार वाचकांनींच करावा. १९ जानेवारी २०२३ रोजीं मुंबईंतील सात मलजलशुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली, आणि त्यांतील एक वरळीचें आहे. उद्यानांस थेंब द्यावयाचा तो या शुद्ध केलेल्या पाण्याचा द्यावा, भातसेचा देऊं नये. आणि झाडें लावावयाचीं तीं उंडी, भेंडी, करंज आणि मर्यादवेल हीं लावावीं. त्यांच्या सावलींत कोळ्यांस जाळीं वाळविण्यास जागा राखली, तर ती बाग शहराची झाली असें आम्ही म्हणूं.

परंतु सरकाराकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेण्याचा हा लेख नाहीं. कोळीवाड्यांतील मुलानें ओट्यावर टाइल बसविली ती आमच्याकडे पाहून. तेव्हां आरंभ आमच्यापासून झाला पाहिजे. वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, या उन्हाळ्यांत रंगाऱ्याला बोलाविण्यापूर्वीं एकदां भर दुपारीं आपल्या गच्चीवर अनवाणी उभें राहून पाहावें. पाय किती वेळ टेकवतो तें मोजावें. मग खालीं येऊन आवारांत पाणी मुरण्यास मातीची जागा किती उरली आहे ती मोजावी, आणि पागोळीचें पाणी कोठें जातें तें शोधून काढावें. सोसायटीच्या सभेंत हिरवळीचा ठराव आला तर हात खालीं ठेवावा, आणि बुजविलेल्या विहिरीचा विषय काढावा. आमच्या परिचयाच्या त्या सोसायटींत आम्हीं तो गेल्या सभेंत काढला. अनुमोदन एकानेंच दिलें. बाकीच्यांनीं मोटारी कोठें ठेवावयाच्या असें विचारलें. पुढल्या सभेंत तो विषय आम्ही पुन्हां काढणार आहों.